घरात राहणारी प्रत्येक प्रौढ व्यक्ती

पवनचक्क्यांचा कायदा विधिमंडळात मंजूर झाला तेव्हा घरात सगळ्यात जास्त आनंद दादांना झाला होता, आणि तो कायदा सगळ्यात आधी आडवा आला तोही दादांनाच. कायदा चांगला आहे हे ते अजूनही कबूल करत. पठारावरच्या जुन्या चक्क्या उतरवून त्याच जमिनीत नवी, उंच चक्की उभी करायला त्यात परवानगी होती. अटी दोनच. अर्ज सवलतीच्या मुदतीत पूर्ण व्हायला हवा, आणि कुठल्याही राहत्या घरापासून चक्कीच्या उंचीच्या चौपट अंतर सुटायला हवं. तेवढं सुटत नसेल तर त्या घरात राहणाऱ्यांची संमती हवी. मुदत हुकली की हक्क गेला. मग पठारावर नुसता वारा, आणि या कुटुंबाने हात चोळत बसायचं.

दादांचा अर्ज परत आला तो अंतरावरून, आणि ती चूक दुसऱ्या कुठल्याही घरात झालीच नसती.

या घराण्यात सगळं विहिरीपासून मोजतात. दादांच्या वडिलांनी, आप्पांनी, जमिनीची वाटणी केली तेव्हा विहिरीच्या कठड्यावर छिन्नीने एक खूण केली आणि प्रत्येक बांध, प्रत्येक वाट तिथून मोजून दिली. आप्पा जाऊन बरीच वर्षं झाली, पण अमुक ठिकाण किती लांब असं विचारलं की इथलं माणूस अजून मनातल्या मनात आधी विहिरीवर जाऊन उभं राहतं. दादांची मुलगी पवनचक्क्यांची तंत्रज्ञ. लहानपणापासून मिळेल त्यावर चढायची म्हणून तिला सगळे खारू म्हणत, आणि मोठी होऊन तिने पगार घेऊन तेच करायचं ठरवलं. आत्याचं, म्हणजे दादांच्या बहिणीचं, घर विहिरीला लागूनच, तेव्हा खारूने आपलं लेसरचं मापयंत्र विहिरीच्या कठड्यावर ठेवलं आणि नव्या चक्कीच्या जागेपर्यंतचं अंतर अगदी बिनचूक मोजलं. फक्त चुकीच्या ठिकाणापासून. आत्याने विहिरीच्या पलीकडे, पठाराच्या बाजूला, शिवणाची खोली कधीच वाढवली होती. तिथेच तिचं मशीन, तिथेच तिची खाट. कायद्याला विहीर ठाऊक नाही. कायदा भिंतीपासून मोजतो.

आता आत्याच्या संमतीशिवाय चक्की होणार नव्हती. संमत्या घ्यायला परवाना कार्यालयाचे अधिकारी सोमवारी यायचे होते, आणि मुदत त्याच आठवड्यात संपत होती. म्हणून रविवारी सकाळी सगळे आत्याकडे जमले.

दादा बहिणीकडे येत नसत असं नाही. पण यायचे ते संध्याकाळी, बाहेरच्या खोलीत बसायचे, चहा घ्यायचे, चार गोष्टी आपल्या सांगायचे आणि निघायचे. शिवणाच्या खोलीत, सकाळच्या उन्हात बसण्याची वेळ त्यांच्यावर प्रथमच आली होती. कापड कापायचं लांबरुंद टेबल, भिंतीवर टांगलेले कागदी नमुने, खिडकीशी शिवणाचं मशीन. त्यांनी टेबलाच्या टोकाची खुर्ची धरली, कारण टोकाची खुर्ची त्यांचीच असते असं त्यांना सगळ्याच घरांत वाटे. खारू त्यांच्या उजव्या हाताला बसली. दादांचा धाकटा भाऊ पहिल्या बसने आला होता, तो दाराजवळ टेकला. तो सरकारच्या विधी खात्यात कायद्यांचे मसुदे करायचा, त्यामुळे घरात त्याचं नाव पंडित पडलं होतं, आणि ते कौतुकाने पडलेलं नव्हतं. वहिनी, म्हणजे दादांच्या पत्नी, खिडकीजवळच्या स्टुलावर बसल्या, टोपलीतला शर्ट उचलला आणि बटणं लावायला लागल्या. दुपारी त्या रोजच नणंदेकडे काज-बटणाला येत, त्यांना कुणी बसा म्हणायची गरज नव्हती.

"हे बघ, मी सरळच सांगतो," दादा म्हणाले. "आडवळणं मला जमत नाहीत."

"तुला काय जमतं आणि काय नाही ते मला माहिती आहे," आत्या म्हणाली. "साखर एक चमचा की दीड?"

"दीड. तर ही पडवी मोजणार हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. नाहीतर—"

"कुठली पडवी?"

"ही."

"ही माझी खोली आहे, दादा. मी इथे झोपते."

"बरं, खोली. नाव काहीही दे. उद्या अधिकारी येतायत. दोन मिनिटांचं काम आहे, संमतीची सही करून टाक, म्हणजे पुढची कामं सुरू करता येतील."

"नाही," आत्या म्हणाली, आणि त्यांच्यासमोर कप ठेवला.

दादांना आधी वाटलं, ती चहाबद्दल काहीतरी बोलतेय. मग त्यांच्या लक्षात आलं. ते रागावले नाहीत. आत्या पहिल्यांदा नाही म्हणते आणि मग वळते, असा त्यांचा समज होता. ती वळलेली त्यांनी कधी पाहिली होती हे मात्र त्यांना सांगता आलं नसतं.

"आवाजाची भीती वाटत असेल तर ती काढून टाक," ते समजुतीने म्हणाले. "नव्या चक्कीला आवाज जवळजवळ नसतोच."

"आणि सावली?"

"सावलीचं काय? येते आणि जाते."

नेमकी तेव्हाच ती आली. टेबलावरून, चहाच्या कपावरून, दादांच्या तोंडावरून एक काळी पट्टी सरकत गेली. मग दुसरी. मग तिसरी. तीन जुन्या चक्क्यांपैकी दोन उतरवून झाल्या होत्या, राहिलेली एक पूर्वेला, या खोलीच्या समोरच फिरत होती. दादांनी डोळे मिचकावले. वर दिव्याकडे पाहिलं.

"पातं आहे, बाबा," खारू म्हणाली.

"मला कळतंय पातं आहे ते." त्यांनी खुर्ची जरा डावीकडे घेतली. सावली तिथेही आली.

"तिकडे जास्त येते," आत्या म्हणाली. "मी सगळ्या जागा बसून बघितल्यात. सकाळचं कापायचं काम मी कधीच सोडलं. सावली हलते, मग खडूची रेघ हलल्यासारखी वाटते आणि कात्री चुकते. ऊन वर चढेपर्यंत मी शिवते, कापायला दुपारी घेते. तक्रार नाही करत. तू विचारलंस म्हणून सांगितलं."

"मी कुठे विचारलं?"

"हो ना," आत्या म्हणाली. "तेच."

खारू आली होती ती वडिलांच्या बाजूने. येताना गाडीत दादांनी तिला बजावलं होतं, "तू फक्त तांत्रिक बाजू सांभाळ, बाकी मी बघतो." तिला ते पटलं होतं. तिला ही चक्की हवी होती, आणि हवी म्हणजे किती हवी ते तिने कुणाला नीट सांगितलंही नव्हतं. चक्की झाली नाही तर तिला किनाऱ्यावरच्या कंपनीत जावं लागणार होतं. तिथे पगार चांगला, माणसं चांगली, चक्क्या शेकड्याने. पण तिथे वर चढलं की चारी बाजूंना दिसणार ती परक्यांची जमीन. इथल्या चक्कीच्या माथ्यावरची झडप उघडली की एका बाजूला आत्याच्या दोरीवरचे कपडे दिसत आणि दुसऱ्या बाजूला आई अंगणात काय करतेय ते दिसे. ही जागा सोडून जायची तिची अजिबात इच्छा नव्हती.

"आत्या, माझ्यासाठी तरी," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला कसंनुसं झालं.

"तुझ्यासाठीच सांगतेय, ऐक," आत्या म्हणाली. "चक्की मलाही हवी आहे. खोटं कशाला बोलू, मला ती आवडते. पठार मोकळं पडलं तर मला करमायचं नाही. पण माझ्या भिंतीशी नको. या खोलीने आपला वाटा उचलला. आता उत्तरेच्या सोंडेवर उभी करा."

उत्तरेची सोंड म्हणजे पठाराची खाली उतरत गेलेली धार. ती दादांच्या वाट्याला आलेली होती, आणि तिच्या पायथ्याशी त्यांनी नवं घर बांधलं होतं.

"सोंडेवर वारा नाही," दादा लगेच म्हणाले.

ते इतक्या सहज म्हणाले की खारूला आधी कळलंच नाही. मागच्या वर्षी तिनेच हट्ट करून सोंडेवर वारा मोजायचा खांब रोवला होता. बारा महिने तिने तो राखला, आकडे काढले आणि एका संध्याकाळी वडिलांसमोर ठेवले. त्यांनी ते पाहिले, चष्मा काढला, "राहू दे सध्या," म्हणाले. तिला वाटलं होतं, काहीतरी हिशेबाची अडचण असेल. वडिलांना ती कधी उलट विचारत नसे.

आत्या तिच्याकडे पाहत होती. पंडितकाकाही. दादा पाहत नव्हते, आणि त्यावरूनच तिला सगळं उमगलं.

"बाबा," खारू म्हणाली, "सोंडेवर वारा आहे."

"असेल थोडाफार."

"इथल्याइतकाच आहे. मी वर्षभर मोजलाय. तुम्हाला दाखवला होता."

"मोजमापाचं तू आता नको सांगूस. तू अंतर विहिरीवरून मोजलंस."

ते तिला लागलं. तिचे कान तापले. पण ती उंचीवर काम करणारी मुलगी होती. पाय सटकला तर घाबरायचं नाही, आधी पकड बघायची, हे तिच्या अंगात मुरलेलं होतं.

"अंतर चुकलं माझं," ती म्हणाली. "ते मी सवयीने मोजलं. वारा सवयीने नाही मोजला. तो आहे तेवढा आहे."

"मग सोंड का नको, दादा?" आत्याने विचारलं.

दादांनी चहा घेतला. तो संपला होता तरी घेतला.

"कारण सोंडेवरून सावली आमच्या पुढच्या खोलीवर येते," वहिनी म्हणाल्या. त्या सकाळपासून पहिल्यांदाच बोलत होत्या. त्यांनी दोरा दातांनी तोडला आणि पुढचं बटण घेतलं.

खारूने आपली खुर्ची उचलली आणि टेबलाला वळसा घालून आत्याच्या शेजारी नेऊन ठेवली. तिच्या मते ती फक्त उन्हातून उठली. दादांनी त्याचा अर्थ बरोबर लावला.

"तू तरी बोल काही," दादा पंडितकडे वळले. "तुझाच कायदा आहे."

"माझा नाही. मी मसुदा करतो. मंजूर विधिमंडळ करतं."

"स्वयंपाक तुझा आणि वाढलं फक्त विधिमंडळाने, असंच ना?"

पंडित हसला. दादांची चिडवाचिडवी सुरू झाली की त्याला बरं वाटे, कारण मग दादा घाबरलेले असतात. त्याच्याजवळ एक गोष्ट होती जी त्याने घरात कुणाला सांगितलेली नव्हती. कायद्याच्या पहिल्या मसुद्यात 'घरमालकाची संमती' एवढेच शब्द होते. ते त्याला वरून आले होते, आणि तसेच पुढे पाठवले असते तर कुणी ब्र काढला नसता. पण ते शब्द टाइप करताना त्याला आत्या आठवली होती. पहिल्या चक्कीच्या खांबाचे तुकडे घेऊन ट्रक पठारावर आले तेव्हा तो शाळेत होता. आप्पा हातवारे करून ट्रकवाल्यांना जागा दाखवत होते, दादा त्यांच्या मागे उभे होते, आणि आत्या आपल्या दारात येऊन म्हणाली होती, "आप्पा, इथेच का?" आप्पा म्हणाले, "वारा इथे आहे." घराचे मालकही तेव्हा तेच. विषय संपला. आत्या दारातून आत गेली. पंडितला तेव्हा फार राग आला होता, आणि राग आल्यावर काय करायचं असतं हे माहीत नसल्यामुळे तो ट्रक बघायला पळाला होता.

म्हणून त्याने मसुद्यात 'घरमालक' काढून 'घरात राहणारी प्रत्येक प्रौढ व्यक्ती' अशी दुरुस्ती सुचवली. घराला आवाज ऐकू येत नाही, आत राहणाऱ्या माणसांना येतो, एवढंच त्याचं म्हणणं होतं. समितीत त्यावर बरीच थट्टा झाली. एक सदस्य म्हणाले, नवराबायकोचं एकमत व्हायचं असेल तर राज्यात एकही चक्की उभी राहायची नाही. पण दुरुस्ती टिकली. पंडितला स्वतःचा फार अभिमान वाटला होता. त्या दिवशी त्याच्या डोळ्यांसमोर फक्त एकट्या राहणाऱ्या बहिणीचं घर होतं. दुसऱ्या कुठल्या घराचा त्याने विचारच केला नव्हता.

"जागा बदलता येते," तो आता म्हणाला. "जमीन तीच आहे, अर्ज तोच चालेल, मुदतही अजून आहे. सोंड बसते. फक्त तिथे दादाचं घर अंतराच्या आत येतं. त्या घराची संमती लागेल."

दादा पाठ टेकून बसले. काही झालं तरी ते हिशेबी माणूस होते. बहीण वळत नव्हती, मुलगी उठून पलीकडे गेली होती, आणि चक्की अजून उभी व्हायची होती. अशा वेळी हरण्यापेक्षा मन मोठं करणं बरं, हे त्यांना चटकन सुचलं.

"दिली," ते म्हणाले. "माझ्या घराची संमती मी दिली. सोंड तर सोंड. माझ्यामुळे अडलं असं नको व्हायला. घे लिहून."

"तुझी एकट्याची चालत नाही."

"का? घर कुणाच्या नावावर आहे?"

"नावाचा प्रश्न नाही, दादा. घरात राहणारी प्रत्येक प्रौढ व्यक्ती."

"मग खारू देईल, ही देईल. झालं की."

"तसं नाही. अर्जदाराने स्वतः विचारायचं. काय काय त्रास होऊ शकतो ते सांगून विचारायचं. उद्या अधिकारी प्रत्येकाला वेगळं बसवतील आणि विचारतील, तुम्हाला विचारलं होतं का, आणि काय सांगून विचारलं."

"हे कुठल्या शहाण्याने घातलं त्यात?"

पंडित खिडकीबाहेर बघायला लागला. "समितीने," तो म्हणाला.

"मला विचारायला नको, बाबा," खारू म्हणाली. "मला चक्की हवीच आहे."

"विचारू दे," आत्या म्हणाली. "सोप्यापासून सुरुवात होऊ दे."

तेव्हा दादांनी मुलीला विचारलं, आणि मुलगी हो म्हणाली. दोघंही एखाद्या कार्यालयात समोरासमोर बसल्यासारखी अवघडली होती. मग सगळ्यांनी खिडकीकडे पाहिलं.

वहिनींना आपल्याकडे पाहिलेलं कळलं, पण हातातलं बटण त्यांनी पुरं केलं. त्यांना घाई नव्हती. लग्न झाल्यापासून त्यांना नवऱ्याने पुष्कळ प्रश्न विचारले होते. चष्मा कुठे आहे, पाहुणे कधी येणार आहेत, हे बिल भरलं का. नवं घर बांधताना त्याचं तोंड कुठे असावं हे त्यांना विचारलं नव्हतं. पुढच्या खोलीचा रंग त्यांना रंगवून झाल्यावर कळला, आणि तो वाईट नव्हता, म्हणून त्या काही बोलल्या नाहीत. नवऱ्याबद्दल त्यांच्या मनात कडवटपणा नव्हता. उलट माया होती. हा माणूस कष्टाळू होता, कुणाचं बुडवणारा नव्हता. पण वाऱ्याबद्दल तो खोटं बोलला, आणि ते खोटं बहिणीच्या डोक्यावर ठेवायला निघाला होता, याची त्यांना आज लाज वाटली होती. म्हणून तर त्या मघाशी बोलल्या.

"अगं, तुझी काही हरकत नाही ना?" दादा म्हणाले.

वहिनींनी दिराकडे पाहिलं. "हे विचारणं झालं का, भाऊजी?"

"नाही, वहिनी. हे गृहीत धरणं झालं."

आत्याला हसू आलं, ते तिने पदराआड वगैरे लपवलं नाही, सरळ हसली. दादांनी घसा खाकरला. खुर्ची वहिनींच्या दिशेने फिरवली. खुर्ची जड होती, तिचा आवाज झाला.

"सोंडेवर चक्की उभी राहील," त्यांनी सुरुवात केली. "थंडीच्या दिवसांत संध्याकाळी ऊन खाली आलं की पात्यांची सावली आपल्या पुढच्या खोलीत येईल. भिंतीवरून फिरेल. किती वेळ, खारू?"

"सूर्य पठाराआड जाईपर्यंत."

"सूर्य पठाराआड जाईपर्यंत. म्हणजे रोजचं ते येणार. मग आवाज." इथे ते थांबले. आवाज जवळजवळ नसतोच, हे मघाचं वाक्य तोंडाशी आलं होतं, ते त्यांनी गिळलं. ते बहिणीकडे वळले. "कसा असतो गं तो?"

आत्याला त्या प्रश्नाची अपेक्षा नव्हती. तिने हातातली फुटपट्टी खाली ठेवली.

"लांबून कुणीतरी जाड चादर झटकतंय असा," ती म्हणाली. "एकसारखा. जेवताना ऐकू येतो, मग विसरायला होतो, मग एकदम पुन्हा ऐकू येतो. वारा चढला की दारं लावून बसायचं. कुणी बोलायला आलं तर त्याला वाटतं आपल्याला ऐकायला कमी येतं."

दादा ऐकत होते. मागे ते इथे यायचे तेव्हा ती मोठ्याने बोलायची, आणि परत जाताना ते वहिनींना म्हणायचे, एकटी राहून हिचा आवाज चढलाय.

"इतकी वर्षं?" त्यांनी विचारलं.

"इतकी वर्षं."

"मला माहीत नव्हतं. म्हणजे, चुकलंच माझं. आप्पांनी जागा ठरवली तेव्हा मी तिथे उभा होतो, मी बोलायला हवं होतं. आणि आता तर मी स्वतःच ठरवली."

"बरं," आत्या म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि तिला ते कुणी पाहिलेलं चाललं असतं. "आधी तिचं काम पुरं कर. ती थांबलीय."

दादा पुन्हा वहिनींकडे वळले. "ऐकलंस ना? हे सगळं आपल्याकडे येईल. चक्की जितकी वर्षं फिरेल तितकी वर्षं. मध्येच नको म्हणता येणार नाही. तुला चालेल का?"

असा प्रश्न आपल्याला विचारला गेला की कसं वाटेल, याची वहिनींनी कधी कल्पना केली नव्हती. त्यांना छान वाटलं. इतकं छान वाटलं की लगेच उत्तर देऊन ते संपवायचं त्यांच्या जिवावर आलं.

"नाही म्हटलं तर?"

दादांनी मुलीकडे पाहिलं. नाही म्हटलं तर तिचं काय होईल हे या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. खारूने मान खाली घातली होती, आईवर आपल्या नजरेचं ओझं पडू नये म्हणून.

"तर चक्की होणार नाही," दादा म्हणाले. "इथे नाही आणि तिथेही नाही. मी तुझी समजूत घालायला येणार नाही. तुला पुन्हा बोलून दाखवणार नाही."

"खरं?"

"खरं."

वहिनींना ते खरं वाटलं. वाऱ्याच्या वेळी या माणसाने डोळ्याला डोळा दिला नव्हता, आता देत होता.

"वर बघ गं," त्या मुलीला म्हणाल्या. "मान खाली घातलीस म्हणून तुझ्या मनातलं मला कळायचं राहत नाही." मग नवऱ्याला म्हणाल्या, "मला चालेल. फक्त बसायची खोली मी मागच्या बाजूला नेणार. पुढच्या खोलीत तुम्ही तुमचं ऑफिस थाटा."

"मागची खोली लहान आहे."

"मला पुरते. तिथून विहीर दिसते."

खारू उठून आईला बिलगली, शर्ट-सुईसकट, आणि वहिनींनी तिला सुई टोचेल म्हणून दटावलं. पंडितने हुश्श केलं. आत्या चहाचं आधण वाढवायला उठली. दादांनी गुडघ्यांवर हात ठेवले, आता मोठं काम झालं, निघायला हरकत नाही अशा बेताने.

"आणि तुम्हाला?" वहिनी म्हणाल्या.

"मला काय?"

"तुम्हालाही त्याच घरात राहायचंय. तुम्हाला चालेल का?"

"मी तर मघाशीच दिली की संमती."

"दिलीत. तुम्हाला विचारलं कुठे कुणी?"

"नियमात बसतं ते," पंडित दारातून म्हणाला. "अर्जदारही प्रौढ व्यक्ती आहे."

दादा हसले. हसून झाल्यावर उत्तर द्यायला त्यांनी तोंड उघडलं, आणि तयार उत्तर काही सापडेना. आप्पांचे गुडघे गेले त्या दिवशी आप्पांनी पठारावरच्या फाटकाची किल्ली सगळ्यांदेखत त्यांच्या हातात ठेवली होती. तेव्हा त्यांच्या मनात ट्रक चालवायचं होतं. रस्ता नेईल तिथे, लांब लांब जायचं होतं. कुणी विचारलं नाही, म्हणून त्यांनीही सांगितलं नाही, आणि हात पुढे केला. त्यानंतर पठाराचं सगळं त्यांनीच ठरवलं. कुणाला विचारायचं असतं हे त्यांना खरोखरच माहीत नव्हतं. त्यांना स्वतःला कुणी विचारलंच नव्हतं.

"जरा थांब," ते म्हणाले.

सगळे थांबले. आत्या किटली हातात घेऊन थांबली. खारू आईच्या खांद्यावर हात ठेवून थांबली. कुणी त्यांना सुचवलं नाही, कुणी घाई केली नाही. दादांनी सोंडेचा विचार केला, मागच्या खोलीचा केला, मुलगी वर चढेल आणि झडप उघडून खाली आपल्याच घराकडे बघेल त्याचाही केला.

"चालेल," ते म्हणाले. आणि मग, पुन्हा कुणी विचारलं नव्हतं तरी, थोडं हळू आवाजात म्हणाले, "मला चालेल."